भंगारवाला नको म्हणतो, ती वेष्टणं द्यायची कुठे?

वर्तमानपत्राची रद्दी, पुठ्ठा, पत्र्याचे डबे, शाम्पूच्या जाड बाटल्या यांची काळजी करावी लागत नाही. रद्दीवाला दारात येतो, काट्यावर धरतो, पैसे देतो, घेऊन जातो. अडतं ते पुढच्या सामानापाशी. वेफर्सची चकचकीत पाकिटं, ताक-ज्यूसचे टेट्रापॅक, नव्या मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोल, ऑनलाइन खरेदीच्या पिशव्या, बबल रॅप, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, टूथपेस्टच्या ट्यूब. भंगारवाला याला हात लावत नाही, आणि कचऱ्यात टाकावं तर ते थेट डेपोवर जाणार हे आपल्याला माहीत असतं.

एखादं वेष्टण रीसायकल होतं की नाही, हे त्याच्यावर छापलेल्या त्रिकोणावरून ठरत नाही. ते विकत घेणारा कुणी आहे का, तो किमान किती वजन घेतो आणि तिथवर नेण्याचा खर्च निघतो का, यावर ते ठरतं. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीचंच पाहा. ती उत्तम प्रतीच्या मऊ प्लास्टिकची असते आणि बाजारात तिला मागणीही आहे. पण एका पिशवीचं वजन भरतं जेमतेम अडीच ग्रॅम, म्हणजे किलोला चारशे पिशव्या लागतात. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घरात महिन्याला दीडशे ग्रॅम जमतात. एवढ्यासाठी कोण येणार? तीच चाळीस घरांची सोसायटी असेल तर महिन्याला सहा किलो होतात आणि बोलणं सुरू होतं. म्हणून योग्य जागा शोधण्याचं निम्मं काम घरातच होतं: काय आहे ते ओळखायचं, एकाच जातीचं साठवायचं, स्वच्छ आणि कोरडं ठेवायचं. त्यानंतर फोन फिरवायचे.

आधी महिनाभर नुसतं साठवा

कुठे द्यायचं ते शोधण्याआधी आपल्याकडे नेमकं काय उरतं ते कळायला हवं. रद्दीवाला नेतो ते बाजूला काढा आणि बाकीचं कोरडं वेष्टण महिनाभर एका मोठ्या पिशवीत टाकत राहा. महिन्याअखेरीस ते जमिनीवर पसरून ढीग करा. बहुतेक घरांत तीन-चार ढीगच मोठे निघतात आणि बाकीचं किरकोळ असतं. जागा शोधायची ती त्या मोठ्या ढिगांसाठीच. पहिल्याच दिवशी पंधरा प्रकारचे डबे मांडले की दुसऱ्या आठवड्यात घरातलं कुणीच ते पाळत नाही.

ढीग लावताना शंका येईल तिथे या चाचण्या उपयोगी पडतात. सगळ्या हातानेच करायच्या आहेत. जाळून वास घेण्याची पद्धत भंगाराच्या काही गोडाउनांत आहे, ती घरी करू नका.

चुरगाळून पाहा. चांदीसारखं चकाकणारं पाकीट मुठीत चुरगाळून सोडलं आणि ते हळूहळू उलगडलं, तर ते थरांचं पाकीट आहे, म्हणजे प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ पदर चिकटवून केलेलं. चुरगाळलेलंच राहिलं तर ती ॲल्युमिनियमची फॉइल. ती धातूच्या भंगारात जाते.

ताणून पाहा. अंगठ्याने ताणल्यावर पिशवी लांबते आणि पांढरट होते, तेव्हा ते मऊ प्लास्टिक. गोडाउनात त्याला 'एलडी' म्हणतात. दुधाची पिशवी, बबल रॅप, बऱ्याचशा कुरिअरच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावरचं आवरण हे सगळं यात येतं. न ताणता कडकड वाजून फाटतं ते शर्टाच्या, ब्रेडच्या किंवा हाराच्या वेष्टणाचं पारदर्शक प्लास्टिक. ते वेगळ्या जातीचं असतं आणि एलडीत मिसळलं तर भाव पडतो.

पाण्यात टाकून पाहा. जाड डब्याचा नखाएवढा तुकडा बादलीत बुडवून सोडा. तरंगला तर तो पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा पॉलिथिन, बुडाला तर 'पेट' (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), पीव्हीसी किंवा पॉलिस्टायरिन. या सगळ्या प्लास्टिकच्या जाती. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले असले तर बुडणाराही तरंगतो, म्हणून बोटाने पुसून पुन्हा सोडा. त्रिकोणातला आकडा दिसत असेल तर काम सोपं: १ म्हणजे पेट, २ जाड पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ४ एलडी, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरिन आणि ७ म्हणजे 'इतर'. त्यात थरांची पाकिटंही येतात. ७ दिसला म्हणजे साधा भंगारवाला ते घेणार नाही.

हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे परदेशातल्या यंत्रांना ओळखता येत नाहीत, म्हणून तिकडच्या लेखांत ते बाद ठरवलेले असतात. आपल्याकडे निवड माणसं हाताने करतात. टिचकी मारून, आवाजावरून त्यांना पीपी कळतो. पीपीचा काळा डबा धुऊन दिला तर बहुतेक ठिकाणी घेतात, रंगीत मालाला भाव फक्त कमी मिळतो.

धुणं आणि वाळवणं

माल नाकारला जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तो नीट धुतलेला आणि वाळवलेला नसणं. तेलकट किंवा ओलसर एक पाकीट पूर्ण पोत्याला वास लावतं, मग झुरळं येतात, बुरशी धरते, आणि घेणारा ते पोतं न उघडताच परत करतो. धुण्यासाठी नवं पाणी घालवायची मात्र गरज नाही. भांडी घासून झाल्यावर उरलेलं साबणाचं पाणी पुरतं.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. कात्रीने तिरका काप द्या आणि टोकाला दोन-तीन मिलिमीटर जोड ठेवा, म्हणजे तो त्रिकोणी तुकडा पिशवीलाच लटकत राहतो. सुटा तुकडा निवड करणाऱ्यांच्या हाती लागत नाही, गटारात जातो. दूध काढल्यावर पिशवीत अर्धा पेला पाणी घालून खळबळून घ्या, ते पाणी कुंडीला चालतं. मग पिशवीची एक बाजू सरळ कापून ती सपाट उघडा आणि ओली असतानाच ओट्यामागच्या टाइलवर चिकटवून द्या. सुकली की ती आपोआप सुटून पडते. न उघडता वाळत घातलेली पिशवी वरून कोरडी दिसते, पण आतल्या घडीत दूध राहतं आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो.

वेफर्स, फरसाण, बिस्किटांच्या पाकिटांची एक कड पूर्ण कापा, आतला चुरा झटका, साबणाच्या पाण्यातून काढून दोरीवर चिमट्याने उलटं टांगा. तूप, लोणचं, श्रीखंड यांच्या वेष्टणाला आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसा. तेल थेट पाण्यात गेलं तर मोरी तुंबते आणि पाकीटही नीट निघत नाही. पाकिटाच्या पोटात दुसरं पाकीट कोंबू नका, गाठ मारू नका, चौकोनी घड्या घालू नका. नीटनेटकं दिसतं खरं, पण निवडणाऱ्या बाईला ती प्रत्येक घडी सोडवावी लागते, आणि तेवढा वेळ नसल्याने ते पाकीट नाकारलेल्या ढिगात जातं.

टेट्रापॅकचे चारही कान वर उचला, तोंड कापा, खळबळून घ्या आणि चपटा करा. पावसाळ्यात त्याच्या पुठ्ठ्याला ओल धरते, म्हणून जून ते सप्टेंबर तो कापून, पूर्ण उघडूनच वाळवा. फिरकीचं झाकण काढून जाड प्लास्टिकमध्ये टाका.

कोणतं वेष्टण कुठे जातं

*थरांची पाकिटं.* सगळ्यात अवघड हीच. प्लास्टिकचे दोन-तीन पदर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवायला येणारा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. प्रत्येक पदर वेगळ्या तापमानाला वितळतो, त्यामुळे एकत्र वितळवूनही पुन्हा वापरता येईल असा प्लास्टिकचा एकजीव दाणा तयार होत नाही. या पाकिटांना सध्या चार वाटा आहेत आणि त्या सारख्या नाहीत.

पहिली वाट विणकामाची. पुण्यात रीचरखा आणि इकोकारी या संस्था प्लास्टिकच्या पिशव्या आणि चकचकीत पाकिटांच्या पट्ट्या कापून हातमागावर कापड विणतात. त्यापासून पिशव्या, बटवे होतात. त्यांना मोठी, न फाटलेली, धुतलेली पाकिटं लागतात. शाम्पूच्या पुड्यांसारख्या छोट्या तुकड्यांची पट्टी निघत नाही, त्या पाठवू नका. पुण्यातच आशय या उपक्रमाने वेफर्सच्या पाकिटांपासून 'विदाउट' नावाचे गॉगल बनवून दाखवले. थरांच्या पाकिटांपासून पुन्हा टिकाऊ वस्तू होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. मात्र असं काम अजून थोड्या मालावरच चालतं.

दुसरी वाट रस्त्यांची. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत प्लास्टिकचे बारीक तुकडे गरम खडीवर टाकतात. ते वितळून खडीला लेप बसतो आणि मग डांबर घालतात. प्लास्टिकचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के असतं. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कोकणात वेंगुर्ला नगरपरिषदेने घरोघरी वर्गीकरण करून जमवलेलं प्लास्टिक रस्त्यांसाठी वापरलं. या वाटेने जाणाऱ्या पोत्यात पीव्हीसी अजिबात चालत नाही, कारण गरम झाल्यावर त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू सुटतात.

तिसरी वाट तेलाची. हवा वगळून प्लास्टिक तापवलं की त्याचं इंधन तेल होतं. पुण्याची रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्यूशन ही संस्था हे काम करते आणि सोसायट्यांमधून स्वच्छ प्लास्टिक गोळा करण्याच्या मोहिमा घेते. पेट आणि पीव्हीसी या प्रक्रियेला मानवत नाहीत, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या यात घालू नका. त्यांना भंगारात चांगला भाव आहेच.

चौथी वाट सिमेंटच्या भट्टीची. महापालिकेच्या कोरड्या कचऱ्यातली बहुतेक थरांची पाकिटं शेवटी दगडी कोळशाऐवजी जळण म्हणून तिथे जातात. हे रीसायकलिंग नव्हे. तरी उघड्यावर जळण्यापेक्षा किंवा डेपोत पडून राहण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. एखादं केंद्र 'आम्ही सगळं घेतो' म्हणालं, तर बहुधा त्याचा अर्थ हाच असतो. तिथे पुठ्ठा किंवा दुधाच्या पिशव्या देऊ नका, चांगला माल जळून जाईल.

*टेट्रापॅक.* यात सुमारे तीन चतुर्थांश कागद असतो, बाकी पॉलिथिन आणि थोडं ॲल्युमिनियम. मोठ्या हौदात पाण्याबरोबर घुसळून कागदाचा लगदा वेगळा करतात. उरलेलं प्लास्टिक-ॲल्युमिनियम दाबून छपराचे पत्रे आणि फळ्या बनवतात. कागद गिरण्यांच्या नेहमीच्या रद्दीत टेट्रापॅक गेला तर तो लगदा बिघडवतो, म्हणून रद्दीवाला त्याला पुठ्ठ्यात घेत नाही आणि ते बरोबरच आहे. मुंबईत आरयूआर ग्रीनलाइफ ही संस्था 'कार्टन्स ले आओ, क्लासरूम बनाओ' या उपक्रमातून ते गोळा करते. सहकारी भांडार आणि रिलायन्सच्या काही दुकानांत त्यासाठी पेट्या ठेवलेल्या असत आणि जमलेल्या मालापासून शाळांना बाकं दिली गेली. पेट्यांच्या जागा बदलतात, म्हणून पिशवी उचलण्याआधी दुकानात फोन करून विचारा. एक लिटरचा रिकामा टेट्रापॅक सुमारे तीस ग्रॅमचा असतो. तेहतीस-चौतीस डबे म्हणजे एक किलो, त्यामुळे सोसायटीत हा माल लवकर जमतो.

*थर्माकोल.* यात जवळपास सगळी हवाच असते, अठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत. टेम्पो भरून नेला तरी वजन काही किलोच भरतं, त्यामुळे भाड्याचे पैसेही सुटत नाहीत. तो दाबून पन्नासाव्या हिश्श्याइतका लहान करणारी यंत्रं असतात आणि ज्याच्याकडे असं यंत्र आहे तोच थर्माकोल घेतो. फोटोफ्रेमच्या पट्ट्या वगैरे त्यातून होतात. शोधताना म्हणूनच 'थर्माकोल घेता का' एवढंच विचारू नका, 'दाबायचं मशीन आहे का' असं विचारा. त्याआधीचा सोपा मार्ग म्हणजे टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन घरी येतं तेव्हा बसवायला आलेल्या माणसालाच पॅकिंग परत न्यायला सांगा. एकदा तो गेला की दुकान पुन्हा घेत नाही. थर्माकोल फोडू नका, दाणे सुटले की गोळा होत नाहीत. पेट्रोल किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवण्याचे व्हिडिओ दिसतात. ते करू नका: वाफ पेट घेते आणि मागे उरणारा चिकट गोळा कुणीही घेत नाही. गणपतीच्या जुन्या मखराचा रंगवलेला, चमकी लावलेला थर्माकोल रीसायकल होत नाही. तो वर्षानुवर्षं वापरा. नवा आणायचा प्रश्न नाही, महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे.

*कुरिअरच्या पिशव्या आणि बबल रॅप.* ताणल्यावर लांबलं तर हे दुधाच्या पिशव्यांच्या पोत्यात. पत्त्याचं लेबल आणि चिकटपट्टी कापून टाका. कागदाचं पाकीट आणि आत बबल असेल तर दोन्ही सोलून वेगळे करा, सोलत नसेल तर ते कोरड्या कचऱ्यातच जाईल. सफरचंदावरची फेसाळ जाळी फळवाल्याला परत द्या, तो ती पुन्हा वापरतो.

*गोळ्यांच्या पट्ट्या.* पारदर्शक बाजू पीव्हीसीची आणि मागे ॲल्युमिनियम. घरगुती प्रमाणात कुणी घेत नाही, पण धातूचं भंगार घेणारे मोठे दुकानदार ॲल्युमिनियमसाठी किलोंनी घेतात. एका बरणीत वर्षभर साठवा आणि सोसायटीचं एकत्र द्या. आत एकही गोळी राहता कामा नये. उरलेली, मुदत संपलेली औषधं घातक घरगुती कचऱ्यात मोडतात. पट्ट्या चुलीत किंवा बंबात कधीच जाळू नका, पीव्हीसीचा धूर फुप्फुसांना घातक असतो.

*टूथपेस्ट आणि क्रीमच्या ट्यूब.* मधोमध कापा. आतून चांदीसारखी दिसली तर थरांच्या पाकिटांबरोबर. आतून पांढरी आणि जाड असेल तर ती पॉलिथिनची, धुऊन जाड प्लास्टिकमध्ये.

*स्प्रेचे डबे.* रिकामा होईपर्यंत मोकळ्या हवेत फवारा, भोक पाडू नका, उन्हात ठेवू नका. लोहचुंबक चिकटला तर पत्रा, नाही चिकटला तर ॲल्युमिनियम. दोन्ही भंगारात जातात. झुरळ-डासांच्या औषधाचा डबा मात्र घातक घरगुती कचरा आहे, तो वेगळा द्या.

*पिझ्झाचं खोकं आणि 'कंपोस्टेबल' पिशव्या.* खोक्याचं झाकण कोरडं असेल तर फाडून पुठ्ठ्यात, तेलकट तळ ओल्या कचऱ्यात. 'कंपोस्टेबल' लिहिलेली पिशवी प्लास्टिकसारखीच दिसते, पण एलडीच्या पोत्यात गेली तर पूर्ण घाणा बिघडतो. ती ओल्या कचऱ्यातच द्या. घरच्या कुंडीतल्या खतात ती लवकर विरघळत नाही, तेवढी उष्णता तिथे होत नाही.

विचारायचं कुणाला

सुरुवात दारात येणाऱ्या माणसापासूनच करा. भंगारवाल्याला 'हे घेता का' विचारलं तर तो आपल्या गाडीचा आणि आजच्या भावाचा विचार करून नाही म्हणतो. त्याऐवजी विचारा: "दादा, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवल्यात. पाच किलो झाल्या तर न्याल का? नाहीतर तुम्ही माल घालता त्या गोडाउनात घेतात का?" बऱ्याचदा उत्तर मिळतं की इथे नाही, पण अमक्या नाक्यावरच्या दुकानात घेतात. त्या गोडाउनाचा पत्ता सगळ्यात मोलाचा. तिथे प्रत्यक्ष जाऊन, नमुन्याची पिशवी दाखवून बोला. फोनवर 'मऊ प्लास्टिक' म्हटलं तर दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या वस्तू असतात.

पुण्यात सुका कचरा गोळा करण्याचं काम 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद दारावर करतात. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती उभी राहिली. त्यांच्या 'व्ही-कलेक्ट' मोहिमांत ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी जुने कपडे, अवजड सामान, ई-कचरा घेतला जातो. मुंबईत वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागात 'आमच्या वॉर्डचं सुकं कचरा केंद्र कुठे आहे आणि कोण चालवतं' हे विचारा. अशा अनेक कामांत स्त्री मुक्ती संघटनेच्या 'परिसर विकास' कार्यक्रमातल्या महिला आहेत. बिस्लेरीचा 'बॉटल्स फॉर चेंज' उपक्रम सोसायट्यांकडून स्वच्छ प्लास्टिक घेतो. इतर शहरांत महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातला आरोग्य निरीक्षक किंवा मुकादम हा योग्य माणूस. २०२३ पासून अनेक शहरांत 'आरआरआर' (रिड्यूस, रीयूज, रीसायकल) केंद्रंही सुरू झाली, तिथे कपडे-पुस्तकांबरोबर प्लास्टिक घेतात का ते विचारून घ्या. खेड्यात असाल तर पंचायत समितीत स्वच्छ भारत मिशनचं काम कोण पाहतं ते शोधा. मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक कचरा केंद्रांची तरतूद आहे. गोव्यात साळगावचा कचरा प्रकल्प आणि पणजी महापालिकेची वर्गीकरणाची पद्धत जुनी आहे, तिथे पंचायतीकडूनच सुक्या कचऱ्याच्या तारखा मिळतात.

कुठेही विचारा, पण हे प्रश्न टाळू नका. यांतलं नेमकं काय घेता आणि काय नाही? किमान किती किलो? धुतलेलंच लागतं की झटकलेलं चालतं? कोणत्या दिवशी, किती वाजता? पुढे कुणाकडे जातं आणि त्याचं काय होतं? शेवटच्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळालं नाही तर दुसरी जागा पाहा. 'काळजी करू नका, आम्ही लावतो विल्हेवाट' असं म्हणणाऱ्यांपैकी काही जण भाव नसलेला माल रात्री पेटवून देतात. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये पाच हजार रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतले नोंदणीकृत रीसायकलर शोधून थेट फोन करणारेही पुष्कळ असतात. त्यातून सहसा हाती काही लागत नाही, कारण ते टनात बोलतात. त्यांना एकच प्रश्न विचारा: "आमच्या भागात तुमच्यासाठी माल कोण गोळा करतं?" नाव मिळालं तर त्याला गाठा.

कंपन्यांनाही सोडू नका. २०१६ चे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम आणि २०२२ मध्ये आलेली विस्तारित उत्पादक जबाबदारीची चौकट यांमुळे आपल्या वेष्टणाइतकं प्लास्टिक परत गोळा करून त्यावर प्रक्रिया करण्याचं बंधन ब्रँडवर आहे. थरांच्या पाकिटांचा त्यात स्वतंत्र वर्ग आहे. पाकिटाच्या मागे ग्राहक सेवेचा मेल असतो. आपलं शहर, पिन कोड, मालाचा फोटो आणि महिन्याचं वजन लिहून विचारा की आमच्या भागात तुमच्या वतीने कोण गोळा करतं. एका घराच्या पत्राला ठरावीक उत्तर येतं. सोसायटीच्या लेटरहेडवर, चाळीस घरांचा आकडा टाकून पाठवलं तर गोळा करणाऱ्या संस्थेचा संपर्क मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

सोसायटीत एकत्र साठवताना

पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी वर्गीकरण करून रीसायकल होणारा माल अधिकृत कचरावेचकांना किंवा रीसायकलरना द्यावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं होतं. छोट्या इमारतीनेही तेच करावं. त्यासाठी चार पोती पुरतात. मऊ प्लास्टिक, चकचकीत पाकिटं, टेट्रापॅक, आणि चौथं 'कळत नाही' असं लिहिलेलं. हे चौथं पोतं फार महत्त्वाचं आहे. ते नसलं की लोक शंकेचा माल पहिल्या तीनमध्ये टाकतात आणि सगळंच बिघडतं.

तांदळाची धुतलेली पोती लोखंडी कड्यात लटकवा, जमिनीपासून वीतभर वर, पावसाची झड न लागणाऱ्या जागी. मीटर बॉक्सजवळ किंवा जिन्याखाली नको, आग लागली तर वाट बंद होते. पोत्यावर नुसती पाटी लावून भागत नाही. खरी पिशवी, खरं पाकीट स्टेपल करून टांगा, म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारावं लागत नाही. महिन्याची एक तारीख पक्की ठरवा, ताणकाट्यावर वजन करा, वहीत लिहा आणि नेणाऱ्याची सही घ्या. दोन महिन्यांहून जास्त साठवू नका, उंदीर लागतात.

सुरुवातीला लोक उत्साहाने सगळंच आणून टाकतात. पहिल्या महिन्यात पोती उघडून दोन-तीन जणांनी एकदा निवड करावी, कोणती चूक जास्त होते ते पाहावं आणि सोसायटीच्या ग्रुपवर फक्त त्या एका चुकीचा फोटो टाकावा. दहा सूचनांची यादी कुणी वाचत नाही.

प्लास्टिकच्या बाटलीत पाकिटं ठासून 'इकोब्रिक', म्हणजे बांधकामात वापरायची वीट, करण्याची लाट अधूनमधून येते. बांधणाऱ्याने आधी मागणी केली असेल तरच करा. एक लिटरच्या बाटलीत किमान ३३० ग्रॅम माल घट्ट बसला पाहिजे, नाहीतर ती दबते. मागणी नसताना केलेल्या विटा सोसायटीच्या गच्चीवर पडून राहतात आणि चांगल्या भावाची बाटलीही वाया जाते.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पुठ्ठा आणि बाटल्या वेगळ्या विकून पैसे घ्यायचे आणि कचरावेचक ताईंच्या हाती फक्त वेफर्सची पाकिटं ठेवायची, हे करू नका. विकत न जाणाऱ्या मालाची निवड, वाहतूक, पोतं भरणं हे सगळं त्या पुठ्ठ्याच्या पैशांवरच निघतं. चांगला माल त्यांना दिला तर नावडता मालही त्या नीट पुढे पाठवतात. तो काढून घेतला तर त्यांच्याकडे तसं करायला काहीच उरत नाही.

इतकं करूनही थोडं उरेल: तेलात मुरलेली पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, आतून प्लास्टिकचा लेप असलेले चहाचे कागदी पेले, रंगवलेला थर्माकोल. ते सगळं कोरडं करून एकाच पिशवीत भरा, तोंड नुसतं दुमडा, गाठ मारू नका आणि सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्या. ओल्या कचऱ्यात गेलं तर खत प्रकल्पाच्या चाळणीत अडकतं. फुटलेली काच असेल तर ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर ठळक 'काच' असं लिहून वेगळी हातात द्या.